ओपन वॉटर पुरे की अ‍ॅडव्हान्स्डही काढायचं?

गेल्या रविवारी धरमपेठेत तर्री-पोहे खाताना मावसभावानं विचारलं, "दादा, ओपन वॉटर तर झालं. डिसेंबरात अंदमानला जाऊन राहिलो, तर अ‍ॅडव्हान्स्डही उरकूनच घेऊ का?" नागपूरकरानं समुद्राखालच्या कार्डाची काळजी करावी हे जरा विनोदीच, पण प्रश्न बरोबर होता. ओपन वॉटर म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा, पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याचा, पहिला कोर्स; अ‍ॅडव्हान्स्ड त्याच्या पुढचा. भावाला सांगितलं तेच इथं लिहितो.

ही कार्डं म्हणजे आरटीओचं लायसन्स नव्हे. पाडी, एसएसआय अशा प्रशिक्षण संस्था ती देतात आणि मागतो तो बोटवाला. ओपन वॉटरवर १८ मीटरपर्यंत, अ‍ॅडव्हान्स्डवर ३० पर्यंत. त्याहून खाली, ४० पर्यंत जायचं तर डीपचा, म्हणजे खोल डाइव्हचा, कोर्स वेगळा. (मालवणला इन्स्ट्रक्टर धरून नेतो त्याला कार्डच लागत नाही, ते या हिशेबात धरू नका.)

मग १२ मीटर जास्तीचे घेऊन मिळतं काय? पाण्याखालचा दाब १८ मीटरवर जमिनीवरच्या २.८ पट, ३० वर ४ पट. टाकीतली हवाही त्याच हिशेबानं संपते. हवा उरली तरी शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनमुळे वेळेला मर्यादा असतेच: पाडीच्या तक्त्याप्रमाणे १८ मीटरवर जास्तीत जास्त ५६ मिनिटं थांबता येतं, ३० वर २०. म्हणजे खोल गेलात की तमाशा सुरू व्हायच्या आतच पडदा. शिवाय उजेड कमी, लाल रंग तर कधीच गेलेला. रंगीत प्रवाळ बघायचेत तर ते वरच्या पाण्यातच जास्त खुलतात.

पण काही जागा खरंच खोल आहेत. अंदमानातल्या हॅवलॉक बेटाजवळचं डिक्सन्स पिनॅकल किंवा जॉनीज गॉर्ज ओपन वॉटरवाल्याच्या आवाक्यात धड येत नाही. उलट बालीत तुलांबेनला लिबर्टी जहाज आहे. १९४२ मध्ये टॉर्पेडो लागला, मग किनाऱ्यावर पडून होतं, १९६३ च्या ज्वालामुखीनं पाण्यात ढकललं. त्याचा वरचा भाग ५ मीटरच्या आसपासच लागतो, तळ ३० च्या जवळ. १८ मीटरच्या कार्डावर तिथं मन भरतं. तेव्हा आधी यादीतल्या जागांची खोली विचारा, कार्डाचं नंतर.

अ‍ॅडव्हान्स्डमध्ये परीक्षा नाही, पाच डाइव्ह असतात. डीप आणि नेव्हिगेशन (पाण्याखाली दिशा शोधणं) सक्तीच्या, तीन आपल्या पसंतीच्या. मी तो ओपन वॉटरच्या पाठोपाठ, लॉगबुकात जेमतेम चार डाइव्ह असताना केला. कंपास घेऊन चौकोन पोहायचा आणि निघालेल्या दगडापाशी परत यायचं. चौथी बाजू संपली तेव्हा समोर नुसती वाळू, त्यात अर्धा पुरलेला एक स्टिंगरे, आणि बडी, म्हणजे सोबतचा डाइव्हर, दिसेना. इन्स्ट्रक्टर मागून येऊन बोटानं दगड दाखवत होता, पंधरा मीटर डावीकडे. कार्ड मिळालं, दिशा कळायला पुढची दोन वर्षं गेली. म्हणून घाईनं करणाऱ्याला मी थांबवतो. नियमानं घाई चालते, हा भाग वेगळा.

नावाचाही घोळ आहे. एसएसआयमध्ये पाच डाइव्हच्या कोर्सला 'अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर' म्हणतात. त्यांचं 'अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर' हवं तर चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे वेगळे कोर्स) आणि २४ डाइव्ह लागतात. मला विचाराल तर मनातून तेच खरं वाटतं.

पैशाचं गणित करताना कोर्सची पूर्ण फी बघू नका. पाच डाइव्ह तर मिळणारच आहेत. त्यांचा साध्या फन डाइव्हच्या (शिकवणीशिवाय, नुसत्या मजेच्या) दरानं हिशेब काढा आणि फीतून वजा करा. उरेल ती शिकवण्याची किंमत. मधला मार्गही आहे: इन्स्ट्रक्टरसोबत एकच डीप डाइव्ह घ्यायची. पाडीत ती पुढं पूर्ण कोर्समध्ये धरली जाते.

भावाला मी म्हटलं, पहिले दोन दिवस नुसता पोह. हवा पुरतेय का, तरंगणं जमतंय का बघ. तिसऱ्या दिवशी बोट डिक्सन्सला निघाली तर ती एक डीप घे. परतीच्या विमानाआधी १८ तास पाण्याबाहेर राहायचं असतं. त्यामुळे त्याच्या सहा दिवसांतले डाइव्हचे चारच उरतात, आणि अ‍ॅडव्हान्स्ड केलं तर त्यातले दोन कोर्सच खाऊन टाकेल.