लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मामंजींच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आढळल्यानंतर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि घरातल्या तेला-तुपाकडे लक्ष द्यायला सांगितले. तोवर आमच्या निपाणीच्या घरी रोजच्या फोडणीला पामतेल आणि सणाच्या तळणाला वनस्पती तूप असे. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही बंद करून आम्ही जवळच्या लाकडी घाण्यावरून शेंगदाणा तेल आणतो.

चवीत हे तेल फार उजवे आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर शेंगाचटणीवर चमचाभर कच्चे तेल घेतले की भाजीत तेलाचा तवंग नसला तरी कुणाची तक्रार राहत नाही. डबा आणल्यावर दोन-तीन दिवस न हलवता ठेवावा लागतो. तळाशी मातकट गाळ बसला की वरचे तेल अलगद निथळून घ्यावे. न गाळता तापवले तर हा गाळ कढईला चिकटून करपतो. तळणासाठी मात्र मी या तेलाची शिफारस करणार नाही, कारण ते फेसाळते आणि रिफाइंड तेलापेक्षा लवकर धुरावते.

आता मुख्य प्रश्न रक्तवाहिन्यांचा. पामतेलात जवळपास निम्मी स्निग्धाम्ले (चरबीचे घटक, फॅटी ॲसिड) संपृक्त म्हणजे सॅच्युरेटेड असतात, तर शेंगदाणा तेलात ती साधारण पाचवा हिस्सा असतात. संपृक्त स्निग्धाम्ले वाढली की रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते, ते रक्तात अधिक काळ फिरते, धमनीच्या अस्तराखाली शिरून साचते आणि वर्षानुवर्षांत तिथे थर चढतो. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचे, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीचे, दुखणे याहून मोठे: ते एलडीएल वाढवते आणि एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी करते. जानेवारी 2022 पासून भारतात तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, ही समाधानाची गोष्ट. पण वनस्पती तुपातला संपृक्त भाग त्याने नाहीसा होत नाही, म्हणून बेकरीतली खारी आम्ही अजूनही टाळतो.

मामंजींचे एलडीएल नंतरच्या तपासणीत उतरले. त्याचे श्रेय मी घाण्याला देणार नाही. गोळ्या चालू होत्या आणि आम्ही तेल मोजून वापरू लागलो होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप धरले आहे. चार माणसांच्या घराला ते महिन्याला सुमारे साडेतीन लिटर होते, आणि त्यात वरणावरचे तूपही आले. घाण्याच्या आणि रिफाइंड शेंगदाणा तेलातली स्निग्धाम्ले जवळपास सारखीच असल्याने, धमन्यांच्या दृष्टीने खरा फरक पामतेल व वनस्पती तूप सोडण्याचा आणि प्रमाणाचा आहे. बाटलीवरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दालाही भुलू नये, कारण वनस्पतिजन्य तेलात ते मुळातच नगण्य असते. खोबरेल तेलातही ते नाही, तरी त्यातली बहुतेक स्निग्धाम्ले संपृक्तच आहेत.

घेणाऱ्यांनी एक खबरदारी जरूर घ्यावी. घाणा चालू असताना जाऊन शेंगदाणे हातात घेऊन पाहावेत. ओलसर साठवलेल्या दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. रिफाइंड करताना ते बहुतांशी निघून जाते, घाण्याच्या तेलात मात्र राहू शकते. काळपट, सुरकुतलेले किंवा कुबट वासाचे दाणे पडलेले दिसले, तर त्या दिवशी तेल न घेता परतावे.