बंदूकवाला टीव्ही गेम घेण्याआधी घरातला टीव्ही पाहा

नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांत जुन्या धर्तीचे आठ-बिटी टीव्ही गेम अजूनही मिळतात. त्यांत ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्यात टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसणारी स्टिक आणि बिनतारी रिमोट येतात. दुसऱ्यात पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर, तारेचे दोन रिमोट, एक कॅसेट आणि एक बंदूक येते. मी दुसरा घेतला. तो हजार रुपयांच्या आत मिळाला, त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, आणि तो घेण्यामागे बंदुकीखेरीज दुसरे काहीही कारण नव्हते. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी सामुराई, मीडिया किंवा लिटल मास्टर यांपैकी एखादा टीव्ही गेम होता, किंवा ज्यांनी शेजारच्यांच्या हॉलमध्ये बसून आपला नंबर येण्याची वाट पाहिली, त्यांना बंदुकीवरून ‘डक हंट’ हा उडती बदके टिपण्याचा गेम आठवणारच, आणि पाठोपाठ तो दात काढणारा कुत्राही.

दुकानात मी एकच प्रश्न विचारला होता, “दादा, बंदूक एलईडीवर चालेल ना?” त्यावर “सगळ्यावर चालते साहेब, बिनधास्त न्या,” असे उत्तर मिळाले. घरी एलईडी टीव्हीला जोडल्यावर चित्र बरे दिसले, मारिओ उड्या मारू लागला, बदके उडू लागली आणि चाप ओढताच गोळीचा आवाजही आला. पडले मात्र एकही बदक नाही. दुकानदाराने कुरकुर न करता बंदूक बदलून दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दुसरी बंदूकही तशीच निघाली, कारण बिघाड दोहोंपैकी कोणत्याच बंदुकीत नव्हता.

या बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. उलट पडद्यावरचा प्रकाश तिच्या नळीतून आत शिरतो आणि तिथे बसवलेला सेन्सर तो टिपतो. चाप ओढला की गेम आधी संपूर्ण पडदा काळा करतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर असे एक चित्र सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग टिकते, म्हणून आपल्याला फक्त एक लुकलुक जाणवते. सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला असे गेम धरतो. दोन बदके उडत असतील तर त्यांचे चौकोन एकामागोमाग उमटतात आणि उजेड कोणत्या चित्राच्या वेळी दिसला, त्यावरून कोणते बदक पाडायचे ते ठरते. बंदूक बल्बकडे रोखली की सगळी बदके पडतात, अशी एक अफवा त्या काळी गल्लोगल्ली होती. तो काळा क्षण अशा चलाखीचाच बंदोबस्त आहे, कारण त्या वेळीही उजेड दिसला तर गोळी फुकट जाते.

ही सगळी युक्ती पडद्यावर चित्र विनाविलंब उमटण्यावर अवलंबून आहे. पिक्चर ट्यूबच्या, म्हणजे जुन्या डबा टीव्हीत आलेला सिग्नल त्याच क्षणी एकेका ओळीने काचेवर रंगवला जातो. एलईडी टीव्ही मात्र आलेले चित्र आधी साठवतो, पडद्याच्या मापाचे करतो, त्यावर स्वतःचे संस्कार करतो आणि मगच दाखवतो. त्यात होणारा उशीर मालिका पाहताना कळतही नाही, पण पांढरा चौकोन उमटेपर्यंत इकडे गेमने ‘नेम चुकला’ असा निकाल दिलेला असतो. शिवाय हा गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या मूळ बंदुकीतले सर्किट पिक्चर ट्यूबवर ओळी रंगवल्या जातात त्या वेगाची, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार वेळा होणारी लुकलुकच ओळखण्यासाठी जुळवलेले होते, आणि तशी लुकलुक एलईडी पडद्यावर नसतेच. त्यामुळे टीव्ही कितीही महागाचा असला, तरी त्याचा या बंदुकीला उपयोग नाही.

पंचवटीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे चालू स्थितीतला २१ इंची डबा टीव्ही मिळाला, तोही गेमच्या किमतीपेक्षा कमी पैशांत, आणि तेव्हा कुठे या वस्तूची खरी परीक्षा घेता आली. बंदूक हलक्या प्लास्टिकची आहे, हातात घेताच पोकळ वाटते. चापाची स्प्रिंग मात्र चांगली कडक आहे, आणि तो ओढताना येणारा ‘खट्’ आवाज स्पीकरमधल्या गोळीच्या आवाजाच्या किंचित आधी ऐकू येतो. कुत्रा हुंगत हुंगत येतो, कान टवकारतो, गवतात उडी घेतो आणि पहिले बदक फडफडत वर निघते. गोळी लागली की ते क्षणभर हवेतच डोळे विस्फारून थबकते आणि मग सरळ खाली येते. हे थबकणे इतके नेमके जमले आहे, की आजच्या महागड्या गेममध्येही नेम लागल्याचे समाधान क्वचितच असे मिळते. नेम चुकला तर कुत्रा तोंडावर पंजा धरून खिदळतो. त्याच्यावर गोळी चालत नाही, हे प्रत्येकाने एकदा तरी करून पाहिलेले असते.

जपानमध्ये हा गेम १९८४ साली आला. एका फेरीत १० बदके आणि दर वेळी तीनच गोळ्या, हा त्याचा हिशेब इतका सुटसुटीत आहे की माझ्या भाचीला तो समजावून सांगावा लागला नाही. गेमच्या पहिल्या प्रकारात एक बदक उडते, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्यात मातीच्या तबकड्या. पहिल्या प्रकारात दुसऱ्या खेळाडूला रिमोटने बदक हवे तसे उडवता येते, ही सोय मूळ गेममध्येच होती; पण आपल्याकडे खोक्याबरोबर माहितीपत्रक येत नसल्याने कित्येक घरांत ती कधी कळलीच नाही. भावंडांमध्ये हा प्रकार सर्वांत रंगतो, कारण बदक शहाणपणाने उडू लागते.

हाच गेम आज संगणकावर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) टाकून माउसने खेळता येतो, मग या खोक्याची गरज काय, असे कोणी विचारील. माउसने खेळताना पडद्यावर बाण दिसतो, म्हणजे आपला नेम कुठे आहे ते सतत कळत राहते आणि टिचकी मारण्यापलीकडे काही उरत नाही. बंदुकीने खेळताना नेम पडद्यावर कुठेच दिसत नाही. नळी, मनगट आणि डोळा यांचा मेळ हळूहळू आपला आपल्यालाच बसवावा लागतो. या खोक्याची सारी किंमत मला तेवढ्यात वसूल झालेली वाटते.

तरीही बदकांचा गेम हा नेमबाजीचाच खेळ आहे, शिकारीचा म्हणता येणार नाही, कारण सावज इथे आपण होऊन समोर येते. शिकार म्हणावी असे काही आले ते संगणकावर. १९९७ साली अमेरिकेत आलेल्या ‘डिअर हंटर’मध्ये हरणाच्या खुणा शोधून दबा धरावा लागे. तो मी फारसा खेळलो नाही. १९९८ चा ‘कार्निव्होर्स’ मात्र कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेतल्या कोपऱ्यातल्या संगणकावर होता. बाकीची मंडळी ‘व्हर्च्युआ कॉप’मध्ये धडाधड गोळ्या झाडत असताना तासाचे पैसे मोजून नुसते गवतातून चालत राहण्याचा उद्योग मी तिथे केला आहे. युक्रेनच्या कीव्हमधल्या ॲक्शन फॉर्म्स या कंपनीचा हा गेम डायनोसॉरच्या शिकारीचा असला, तरी त्यात खरी झुंज वाऱ्याशी असे. वारा आपल्याकडून सावजाकडे वाहत असेल तर त्याला वास लागून ते पळून जाई, किंवा मांसाहारी असेल तर थेट अंगावर येई. टी-रेक्स तर डोळ्यात गोळी बसल्याशिवाय मरत नसे. आजच्या मोबाइलवरच्या शिकारीच्या गेममध्ये जनावर बाणाने दाखवून दिले जाते आणि मध्येच जाहिरात येते. तिथे ना मनगट लागते, ना वाऱ्याची दिशा.

खोक्यातल्या इतर गोष्टींविषयी थोडक्यात. कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिले आहे, प्रत्यक्षात मोजकेच गेम वेगवेगळ्या पातळ्यांपासून पुन्हा पुन्हा दिले आहेत. ही जुनी परंपरा इमानेइतबारे पाळलेली दिसते. रिमोटची बटणे घट्ट आहेत, ‘कॉन्ट्रा’ खेळताना अंगठा दुखतो. दोन्ही रिमोट आणि कॅसेट मिळून दोनशे रुपयांच्या वर कोणी मोजू नयेत, असे माझे मत आहे.

ज्यांच्या घरी किंवा गावाकडे ट्यूबचा टीव्ही चालू आहे, त्यांनी हा खोका जरूर घ्यावा. बाकीच्यांनी स्टिकवाला प्रकार घ्यावा आणि बंदुकीचा नाद सोडावा. खरेदी करताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता डबा टीव्हीला जोडून एक बदक पाडून दाखवायला सांगावे. ज्या दुकानदाराकडे असा टीव्ही नसेल त्याच्याकडून घेण्याआधी बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. खेळताना ब्राइटनेस वाढवावा आणि काचेवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडू देऊ नये, नाहीतर काळ्या क्षणातही सेन्सरला उजेड दिसतो. बंदुकीची वायर आखूड आहे आणि जोडवायर मला कुठे मिळाली नाही, त्यामुळे खोका टीव्हीपुढे स्टुलावर ठेवून त्याची पिवळी-पांढरी वायरच लांब घ्यावी लागते; ती मात्र कोणत्याही केबलच्या दुकानात मिळते.