परभणीत घरी जुळवलेला 5600जी पीसी: दहा महिन्यांनंतर

गेल्या आषाढात घरीच डेस्कटॉप जुळवला. बायकोचं डीटीपी, पोराचं कोडिंग, अधूनमधून माझे जीएसटीचे हिशोब. वेगळं ग्राफिक्स कार्ड परवडणारं नव्हतं, म्हणून रायझन 5 5600जी हा प्रोसेसर घेतला. ग्राफिक्स त्याच्या पोटातच आहे. 6 कोअर, 12 थ्रेड, 65 वॅट. प्रोसेसरबद्दल आजही तक्रार नाही.

तक्रार आहे ती माझ्या घाईची. "एएम4 सॉकेट हाय ना, मग बसतंय की सर," म्हणत संभाजीनगरच्या दुकानदाराने बी450 मदरबोर्ड हातात ठेवला. (एएम4 म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेचा प्रकार.) बसला, अगदी अलगद बसला. पंखा फिरला, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. दोन तास रॅम काढ-घाल केली. बोर्डावरची मुख्य चिप, म्हणजे चिपसेट, 2018चा; बोर्ड बरेच दिवस दुकानात पडून असलेला. त्याच्या बायोसला, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरला, 2021चा प्रोसेसर ओळखूच येईना. कोणत्या प्रोसेसरला किमान कोणतं बायोस लागतं, याची यादी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर असते. ती पाच मिनिटं वाचली नाही, म्हणून बोर्ड पिशवीत घालून पुन्हा संभाजीनगरची एसटी धरली. तिथे जुना प्रोसेसर लावून बायोस अपडेट करून दिलं, वर त्याचे पैसेही घेतले.

रॅम 16 जीबीची एकच कांडी घेणार होतो. पोराने अडवलं, ते बरं झालं. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्यामुळे 8-8च्या दोन कांड्या ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे दोन्ही एकदम चालतील अशा, लावल्या की फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. आणखी एक गंमत: 3200च्या वेगाची रॅम दोन महिने 2400वरच चालत होती, कारण बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालूच केलं नव्हतं!

एसएसडी, कॅबिनेट ठीक. प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरने मे महिनाही काढला. फक्त धुळीमुळे महिन्याला ब्रश मारावा लागतो.

खरा छळ झाला तो लाईटीचा. लाईट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायचा, पण तेवढ्यात पीसी रिस्टार्ट. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेतला, नवीन घ्यायलाही निघालो होतो. शेवटी इन्व्हर्टरच्या मागे छोटं बटण सापडलं: नॉर्मल आणि यूपीएस. नॉर्मलवर बॅटरीवर जायला जो वेळ लागतो, तेवढा एसएमपीएसला दम धरवत नाही. यूपीएसवर टाकलं आणि रिस्टार्ट थांबले. त्याचा तोटा असा की व्होल्टेज जरा पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो; उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी हवेचे कूलर लागले की हे रोजचंच.

आणि आई म्हणायची, "पेटीला हात लावला की झिणझिण्या यायल्यात रे." आम्ही हसण्यावारी नेलं. टेस्टर लावला तर कॅबिनेटवर पेटला. भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंगची वायर कधीच तुटलेली होती. वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून नवी वायर ओढून दिली. तेव्हापासून आईची तक्रार बंद आहे, आणि टेस्टरही पेटत नाही.