२ लाख ईमेल पत्ते, १८ हजारांत

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. बाग मिस्टर बघतात, विक्री माझ्याकडे. दहा-बारा वर्षांत ६४० गिऱ्हाइकांचे ईमेल पत्ते वहीत जमले होते, प्रत्येकाने आपणहून दिलेले. मार्चमध्ये सगळ्यांना एक मेल जायचा: पहिली तोड कधी, पेटीचा भाव काय, गाडी कुठपर्यंत येणार. निम्म्याहून जास्त पेट्या तेवढ्यावरच बुक व्हायच्या.

२०२४ च्या जानेवारीत एका डिजिटल मार्केटिंगवाल्याचा फोन आला. मराठीच बोलत होता, गोड बोलत होता. "मॅडम, ६४० लोकांवर कसला धंदा करता? माझ्याकडे २ लाखांचा डेटा आहे. मुंबई-पुणे, सगळे पैसेवाले. एक टक्का धरा ना, २००० पेट्या!" आमच्या बागेत चांगल्या वर्षीसुद्धा ४०० पेट्यांच्या वर आंबा निघत नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही. १८ हजार यूपीआयने पाठवले. बिल मागितलं तर व्हॉट्सॲपवर अंगठा आला.

मी तोवर मेलचिंपवरून, म्हणजे एकगठ्ठा मेल पाठवायच्या सेवेवरून, मेल पाठवायचे. तो म्हणाला, ते नको, आमचा स्वतःचा सर्व्हर आहे, स्वस्तात पडेल. खरं कारण मला फार उशिरा कळलं. विकत घेतलेल्या याद्यांना मेल पाठवायला मेलचिंपच्या नियमांतच बंदी आहे. मग त्याने आमच्या डोमेनचा, म्हणजे मेल पत्त्यात ‘@’ च्या पुढे येणाऱ्या आमच्या नावाचा, पासवर्ड मागितला आणि मी तो दिला. इथे माझी चूक आहे, ती लपवत नाही.

फेब्रुवारीत एका दिवसात त्याने ४० हजार मेल सोडले. ज्या डोमेनवरून आजवर फार तर ६४० गेले होते, त्यावरून. दुसऱ्या दिवशी रंगीत रिपोर्ट आला: ओपन रेट, म्हणजे मेल उघडणारे, ४१ टक्के. मी खूश. ऑर्डर एकही नाही, पण नागपूरच्या एका डॉक्टरांचा फोन आला. "माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला?" मला उत्तर देता आलं नाही. "आणि हे बंद करायला खाली काही बटणच नाही तुमच्या मेलमध्ये. मी स्पॅम दाबलंय." असं किती जणांनी दाबलं असेल, देव जाणे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या काकूंचा फोन. दरवर्षी सहा पेट्या घेतात. "का गं, यंदा मोहोर जळला की काय? तुझा मेल नाही आला." मेल गेला होता. त्यांच्या स्पॅममध्ये पडला होता. मग एकेकाला फोन करत सुटले, जीमेलवाल्या जवळजवळ सगळ्यांची तीच गत. ज्यांनी आगाऊ बुकिंग विचारलं होतं, त्यांना पाठवलेले बँकेचे तपशीलही तिथेच. आंबा काही थांबत नाही. अढीत घातलेल्या दीडशे पेट्या शेवटी वाशीच्या मार्केटला दलालाच्या भावाने गेल्या. १८ हजारांचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

पुण्याचा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने त्यातला एक मेल कॉम्प्युटरवर उघडला, तीन टिंबांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ दाबलं आणि कपाळाला हात लावला. मग मला समजेल असं सांगितलं. आपल्या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायचे याची यादी म्हणजे एसपीएफ, मेलवरची सही म्हणजे डीकेआयएम, आणि दोन्हींतलं काहीच जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं ही सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केले होते. शिवाय एका टिचकीत नाव काढायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात, म्हणजे हजारात तीनसुद्धा नकोत. आमच्या मेलमध्ये यातलं काही म्हणता काही नव्हतं. ज्याचा हा धंदा, त्याला हे ठाऊक नसेल?

आणि ते ४१ टक्के? मेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की ‘उघडला’ अशी नोंद होते. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप अशी चित्रं स्वतःच आधी लोड करतं, माणसाने मेल उघडो न उघडो. कंपन्यांची सुरक्षा यंत्रणाही मेल तपासताना तेच करते. शिवाय किती मेल परत आले, हा रकाना त्याच्या रिपोर्टमध्ये नव्हताच.

भाच्याने यादीची एक्सेल फाइल मागवून घेतली. ‘इन्फो’, ‘ॲडमिन’, ‘कंप्लेंट्स’ने सुरू होणारे पत्तेच हजारो. मी सहज आमचं आडनाव शोधलं, तर आबांचा पत्ता सापडला. सासरे आमचे. २०१६ साली पुण्याच्या एका कृषी प्रदर्शनात लकी ड्रॉच्या फॉर्मवर त्यांनी पत्ता लिहिला होता, त्यात एक ‘ए’ जास्त पडला. त्यावरून घरात किती हसलो होतो. तो पत्ता कधी अस्तित्वातच नव्हता, आणि आबाही २०२१ मध्ये गेले. असल्या पत्त्यांवर मेल पाठवणारा यादी विकत घेऊन आलाय, असा संशय मेल सेवांना येतो.

मी त्या माणसाला फोन केला. आवाज तसाच गोड. "मॅडम, डोमेन ब्लॅकलिस्ट झालंय. काढून देतो, ९ हजार लागतील." मी हो म्हणणारच होते. भाच्याने फोन हातातून घेतला. स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या यादीत आमचं डोमेन लागलं होतं, आणि त्यातून नाव काढायला ते एक रुपया घेत नाहीत. अर्ज करायचा, कारण दुरुस्त केल्याचं सांगायचं. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला.

पासवर्ड बदलला, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही नीट बसवले. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये, ते फुकट आहे, तेव्हा डोमेनची पत दिसायची; आमच्या डोमेनपुढे ‘बॅड’ लिहिलेलं असायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर विनवलं: मेल स्पॅममधून बाहेर काढा आणि ‘मिळाला’ एवढंच उत्तर लिहा. आधी चाळीस जणांना पाठवला, मग शंभरांना. दिवाळीपर्यंत हेच चाललं होतं.

गेल्या महिन्यात दुसऱ्याच एकाचा फोन. फ्रेश डेटा, १०० टक्के व्हेरिफाइड, नमुन्याला ५०० पत्ते फुकट. म्हटलं पाठव. फाइल उघडून आधी आबांचा तो जास्तीच्या ‘ए’चा पत्ता शोधला. ३११ व्या ओळीवर होता.