पॅलाडिनने दुसरा क्लास घ्यावा का? दोन हँडबुकांचं परीक्षण

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या खेळात पॅलाडिन, म्हणजे व्रत घेतलेला पवित्र योद्धा, हा एक क्लास (पात्राचा पेशा) आहे. सहाव्या लेव्हलच्या (पायरीच्या) आधी पॅलाडिनने दुसऱ्या क्लासकडे वळू नये. डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरच्या) खुर्चीत बसून माझं हे मत पक्कं झालंय. फोंड्याला आमच्या घराच्या सोप्यावर पावसाळ्यातल्या रविवारी टेबल लागतं. बहुतेक माझी भाचरं आणि त्यांचे मित्र. आणि त्यांच्यात एक तरी पॅलाडिन असतोच. डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं २०१४ चं प्लेयर्स हँडबुक आणि २०२४ चं नवं, दोन्ही या टेबलावर वापरून झालीत. पवित्र योद्ध्याला मल्टिक्लास करायचं, म्हणजे दुसऱ्या क्लासच्याही लेव्हली घ्यायच्या, तर कुठलं पुस्तक बरं, एवढ्याच अंगाने मी त्यांच्याकडे बघणार आहे.

आधी सहा हा आकडा कशासाठी ते सांगते. पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, म्हणजे एका वळणात (पाळीत) दोन वार. सहाव्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन. पॅलाडिनपासून दहा फुटांच्या आत जो साथीदार उभा असेल, त्याच्या प्रत्येक सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठी टाकलेल्या फाशात) पॅलाडिनचा करिष्मा मॉडिफायर (करिष्मा या गुणावरून ठरणारी वाढ) मिळवायचा. करिष्मा १८ असला तर सरळ +४. ड्रॅगनची आग असो, विष असो की मोहिनी, सगळ्यांवर. त्याला स्लॉट (स्पेल, म्हणजे मंत्र, टाकण्याचा मोजका साठा) खर्च होत नाही, अ‍ॅक्शन (वळणातली मुख्य कृती) लागत नाही; पॅलाडिन शुद्धीवर असला की झालं. तिसऱ्या लेव्हललाच दुसरीकडे वळलेला पॅलाडिन हे दोन्ही पुढे ढकलतो, आणि तेवढ्या लेव्हलींत सगळ्या टोळीला त्याचा फटका बसतो. पॅलाडिन हा राखणदार आहे. त्याचं मोल मी त्याने किती मारलं यावरून करत नाही, त्याच्या आसपासचे किती जण उभे राहिले यावरून करते.

ही मोकळीक पूर्वी नव्हती, हेही नव्या खेळाडूंना माहीत असावं. पॅलाडिन पहिल्यांदा आला १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत. १९७८ च्या हँडबुकात तो व्हायला माणूसच असावं लागे आणि करिष्मा किमान १७ लागे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने दुसऱ्या क्लासची लेव्हल घेतली, तर पॅलाडिनच्या लेव्हली पुढे कायमच्या बंद. व्रत म्हणजे व्रत, असा तो कडक हिशोब. मला तो आवडतो. पण आजची मोकळीक खेळायला जास्त आवडते, कारण व्रताचा प्रश्न आता नियम सोडवत नाही, खेळाडूलाच सोडवावा लागतो.

आता पर्याय. दोन्ही पुस्तकांत पॅलाडिनला मल्टिक्लाससाठी स्ट्रेंग्थ १३ आणि करिष्मा १३ लागतात. सॉर्सरर (अंगचीच जादू असलेला) आणि वॉरलॉक (कराराने जादू मिळवणारा), दोघांना फक्त करिष्मा १३. तो पॅलाडिनकडे असतोच, म्हणून खरी निवड या दोघांतच आहे.

सॉर्सररचा हिशोब उघडून बघण्यासारखा आहे. निव्वळ पॅलाडिन दहाव्या लेव्हलला पोचला की त्याच्याकडे पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे २ स्लॉट असतात. पॅलाडिन ६ अधिक सॉर्सरर ४ केलात तर ४, ३, ३ आणि वर चौथ्या पातळीचा एक. शिवाय शील्ड हा स्पेल मिळतो: शत्रूचा वार बसतोय असं दिसताच रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या वळणात झटकन करायची कृती) वापरायची, पुढच्या वळणापर्यंत आर्मर क्लास (वार बसणं किती अवघड त्याचा आकडा) पाचाने वाढतो. चिलखत घातलेल्या योद्ध्यावर तो शोभतो. पण एका हातात तलवार आणि दुसऱ्यात ढाल असली तर हा स्पेल टाकायला मोकळा हात उरत नाही, त्यासाठी वॉर कास्टर हे फीट (खास कौशल्य) घ्यावं लागतं. हे बरेच जण विसरतात. आणि सॉर्सररच्या तीन नाही, चारच लेव्हली घ्या. चौथ्याला अ‍ॅबिलिटी स्कोअर (स्ट्रेंग्थ, करिष्मा यांसारखा गुण) वाढवता येतो, म्हणजे पॅलाडिनच्या आठव्या लेव्हलची हुकलेली वाढ दोनच लेव्हल उशिरा भरून निघते.

जातं काय? ले ऑन हँड्सचे (हात ठेवून जखमा भरण्याच्या शक्तीचे) गुण ५० ऐवजी ३० राहतात. रिव्हिव्हिफाय, म्हणजे नुकत्याच मेलेल्याला उठवणारा स्पेल, जो पॅलाडिनला नवव्याला मिळतो, तो मिळत नाही. टोळीत क्लेरिक (देवाच्या बळाने बरं करणारा) नसेल तर ही मोठी किंमत आहे, आणि अशा टोळीत मी सॉर्सरर घेऊ नका असंच सांगते.

वॉरलॉकची गोष्ट वेगळी. त्याचे स्लॉट तासाभराच्या विश्रांतीत परत येतात आणि त्यांवर स्माइट (स्लॉट जाळून वाराचं नुकसान वाढवणं) करता येतं. लांबचा मारा नसलेल्या पॅलाडिनला एल्ड्रिच ब्लास्ट १२० फुटांवर पोचवतो. २०१७ च्या झॅनाथर्स गाइडमधला हेक्सब्लेड हा वॉरलॉकचा सबक्लास (उपप्रकार) तर एकाच लेव्हलमध्ये तलवार करिष्म्यावर चालवू देई. नव्या पुस्तकात सबक्लास तिसऱ्या लेव्हलला गेला, पण पॅक्ट ऑफ द ब्लेड पहिल्याच लेव्हलला इन्व्होकेशन (वॉरलॉकने निवडायची खास शक्ती) म्हणून घेता येतं, दोन हातांच्या शस्त्रासकट. स्ट्रेंग्थ १३ मात्र लागतेच, आणि प्लेट चिलखतासाठी १५, नाहीतर चाल दहा फुटांनी घटते.

प्रश्न उरतो करार कुणाशी करायचा याचा. पुस्तकातले आश्रयदाते परके वाटले तेव्हा माझा थोरला भाचा म्हणाला, "आत्या, पेट्रन म्हणून आमचो देवचार चलता?" चालतो तर काय! गावाच्या शिवेवर रात्री फिरणारा, रोट आणि विडी मान्य करणारा देवचार. त्याच्याशी केलेला करार व्रताच्या आड येत नाही, दोघांचं काम एकच: गाव राखणं. त्या पॅलाडिनने ओथ ऑफ द एन्शन्ट्स ही शपथ घेतली होती, सातव्या लेव्हलला मिळणाऱ्या तिच्या ऑराखाली जवळच्यांना स्पेलचं नुकसान अर्धंच होई. म्हणून तो सहावर थांबला नाही, सातवी घेऊनच वळला. त्याचं ते वळण मला सगळ्यांत सुंदर वाटलं.

बाकीचे पर्याय पटकन. फायटरच्या दोन लेव्हलींत अ‍ॅक्शन सर्ज (वळणात एक जादा मुख्य कृती) मिळतो, चांगला आहे. बार्डकडून करिष्म्याला खुराक मिळतो, पण वाराला फार काही नाही. क्लेरिकला विस्डम १३ लागतं आणि रोगला डेक्स्टेरिटी १३. गुण इतके पसरवून कुणाचंच भलं होत नाही.

आता मुख्य फरक. २०१४ मध्ये डिव्हाइन स्माइट हा स्पेल नव्हता. वार बसला की स्लॉट जाळायचा, पहिल्या पातळीला २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे), वरच्या प्रत्येक पातळीला एक डी८ जास्त, आणि हे प्रत्येक वाराला. फायटरचा अ‍ॅक्शन सर्ज जोडला की एका वळणात चार वार, चार स्माइट. माझा नेमून ठेवलेला राक्षस पहिल्याच फेरीत आडवा. २०२४ मध्ये स्माइट हा स्पेल झाला आणि त्याला बोनस (दुय्यम) अ‍ॅक्शन लागते, म्हणजे वळणात एकदाच. सॉर्सररचा क्विकन्ड स्पेलही (स्पेल झटकन टाकण्याची सोय) बोनस अ‍ॅक्शनच मागतो, त्यामुळे ती जोडी फुटली. बार्बेरियन तर संपलाच, कारण रेजमध्ये (त्याच्या रागाच्या आवेशात) स्पेल टाकता येत नाही.

यावर बऱ्याच मुलांची नाराजी आहे. मला मात्र हा बदल मनापासून पटतो. नव्या पुस्तकात मल्टिक्लास करण्याचं कारण नुकसान वाढवणं हे उरलं नाही. शील्डसाठी, जास्त स्लॉटसाठी, करिष्म्यावर चालणाऱ्या शस्त्रासाठी करायचं. ले ऑन हँड्सही आता बोनस अ‍ॅक्शनने होतं, पूर्वी पूर्ण अ‍ॅक्शन जाई. पॅलाडिन वारही करतो आणि पडलेल्याला उठवतोही, एकाच वळणात. माझ्या लेखी पॅलाडिन असाच असायला हवा होता.

म्हणून नव्याने टेबल मांडणाऱ्यांनी २०२४ चं पुस्तक घ्यावं. सगळ्यांत मिळून एक प्रत पुरते. आधी चाखून बघायचं असेल तर २०१४ च्या नियमांचा ५.१ क्रमांकाचा संदर्भग्रंथ २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहे, आणि त्यात पॅलाडिन, ओथ ऑफ डिव्होशन आणि मल्टिक्लासचे नियम आहेत. ज्यांची मोहीम जुन्या पुस्तकावर अर्ध्यात आली आहे त्यांनी ती तशीच पुरी करावी, मध्येच स्माइट बदलू नये. आणि मोहीम सातव्या-आठव्या लेव्हलला संपणार हे डीएमने आधीच सांगितलं असेल, तर दुसरा क्लास घेऊच नका.