आठ पौंडी घण, नऊ महिन्यांनी: लोखंड एक नंबर, दांड्यानं घात केला

जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्ड्याची यात्रा उठली त्या आठवड्यात घेतला. ८ पौंड म्हणजे साडेतीन किलोच्या जरा वर, ३६ इंची लाकडी दांडा, साडेअकराशे रुपये. पेठेतल्या जुन्या घरात न्हाणीचा कोबा आणि पुढच्या दगडी पायऱ्या काढायच्या होत्या, ब्रेकरवाला एका दिवसाचे दोन हजार सांगत होता, म्हटलं एवढ्यात घण कायमचा घरात येतो.

लोखंडाबद्दल बोलायचं कामच नाही. आपल्याकडचा काळा दगड काय चीज आहे माहितीच आहे, तरी तोंड अजून सपाट, कडेचा एक टवका उडाला नाही. (ज्याच्या कडा बाहेर पसरल्यात असा जुना घण कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, कपचा उडून थेट डोळ्यात जातो. गॉगल घालाच.)

मग मे आला. ४३ डिग्री, घण पत्र्याच्या शेडमध्ये पडून. एका सकाळी तिसऱ्याच घावाला डोकं दांड्यातनं निसटलं आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळलं, आणि त्या भिंतीपाशी पाच मिनिटं आधी माझी मुलगी उभी होती. मला तिथंच खाली बसावं लागलं.

दुकानात गेलो तर म्हणे दांड्याची गॅरंटी नसते, रात्रभर पाण्यात टाका, फुगून घट्ट बसतो. टाकला. दोन दिवस घट्ट, नंतर आधीपेक्षा ढिला! कारण भिजून फुगलेलं लाकूड लोखंडाला दाबून चेपतं आणि वाळल्यावर पहिल्यापेक्षा बारीक होतं. गिऱ्हाईकाला असला सल्ला देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, मी तोंडावर सांगून आलो.

रागात ६०० रुपयांचा फायबरचा दांडा आणला. निसटत नाही हे खरं, पण माझ्या मनगटाला झिणझिण्या यायच्या, रात्री ताट धरवत नव्हतं. पैसे गेले. तोपर्यंत माझं मत पक्कं होतं की लाकडी दांडा आपल्या उन्हात टिकतच नाही. ते मत चुकीचं निघालं.

पायऱ्या काढायला शेवटी दगडफोडीचं काम करणारे एक मामा बोलावले. जुना दांडा हातात घेऊन म्हणाले, "लाकडाला काय नावं ठेवालाव मालक, भोक बघा की." घणाचं भोक मधे अरुंद, दोन्हीकडं रुंद असतं. दांडा वरपर्यंत यायला पाहिजे आणि तिथं पाचर ठोकून फाकवायला पाहिजे, म्हणजे डोकं वर सरकतच नाही. माझा दांडा बोटभर खालीच संपलेला, वर नुसता गोंद भरलेला! म्हणजे दोष उन्हाचा नाही, बसवणाऱ्याचा. मामांनी वाळलेल्या बाभळीचा दांडा घातला, लाकडाच्या रेषा घावाच्या दिशेनं धरून, लाकडी पाचर, वरनं आडवी लोखंडी पाचर. १८० रुपये. जवसाचं तेल मी चोळतो, महिन्यातनं एकदा.

अजून एक गोष्ट त्यांच्याकडनं कळली. मी १२ पौंडी घ्यायला पाहिजे होता म्हणत होतो. मामा म्हणाले जो झपकन फिरवता येतो तोच घ्या. बरोबरच आहे, वजन दुप्पट केलं तर जोर दुप्पट, पण वेग दुप्पट केला तर चौपट.

घणाला इंग्रजीत स्लेजहॅमर म्हणतात. मुलीनं मधेच विचारलं, त्यातला स्लेज म्हणजे बर्फावरची गाडी का? नाही. तो वेगळा शब्द, हा जुन्या इंग्रजीतल्या 'मारणे' ह्या धातूकडून आलाय. आणि आपला घण संस्कृत 'घन'वरनं, तो 'हन्' म्हणजे मारणे ह्यातनं. दोन्हीकडं मुळात घावच, मला हे फार आवडलं. क्रिकेटमधलं स्लेजिंग, म्हणजे समोरच्याला बोलून डिवचणं, तेसुद्धा ह्या हातोड्यावरनंच आलंय असं ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयान चॅपेल सांगतात, आणि आपल्याकडं भाषण घणाघाती असतं ते ह्याच घणामुळं. ऑनलाइन शोधताना मात्र 'घण' टाकून मला काही धड सापडलं नाही, 'हातोडा' टाकला तर खिळे ठोकायचे निघतात.

घ्यायचा असेल तर दुकानातच डोकं वरनं बघा. लाकूड आणि पाचर दिसली पाहिजे, गोंद दिसला तर ठेवून या. माझा आता ऑक्टोबर हीटमध्ये चाललाय, पाचर तसूभर हललेली नाही, तरी रोज पहिल्या घावाआधी दांडा उलटा धरून जमिनीवर दोनदा आपटून बघतो आणि मुलीला घरात पाठवतो.