तक्रारीत ‘कट’ लिहावा की ‘समान उद्देश’?

घोडबंदर रोड असो वा कोपरखैरणे, सोसायटीच्या दुरुस्तीत पैसे खाल्ल्याची तक्रार लिहायला चार सभासद बसले की वाद ‘कट’ या शब्दावरच अडतो. कुणाला ठरावावर सही करणारा प्रत्येक जण कटात दिसतो, कुणाला गप्प बसणारेही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 61 चा अर्थ याहून अरुंद आहे: बेकायदा काम करायचं, किंवा कायदेशीर काम बेकायदा मार्गाने करायचं, असं किमान दोघांत ठरलेलं असणं. नुसतं मौन म्हणजे ठरवणं नव्हे.

‘समान उद्देश’ येतो त्याच संहितेच्या कलम 3(5) मध्ये, आणि ते मुळात वेगळा गुन्हाच नाही. घडलेल्या गुन्ह्यात समान उद्देशाने भाग घेणाऱ्या प्रत्येकावर ते पूर्ण जबाबदारी टाकतं. (1 जुलै 2024 पूर्वीच्या व्यवहाराला जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं, 120-ब आणि 34.)

कटाच्या कलमाचं बळ मोठं आहे. गुन्हा करायचं ठरलं की कट पूर्ण होतो, चेक वटायची वाट पाहावी लागत नाही.

माझं मत फिरतं ते पुराव्यापाशी. अध्यक्षाचा व्हॉट्सअॅप मेसेज सचिवाविरुद्ध आपोआप चालेल, असं बहुतेक जण धरून चालतात. भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 8 नुसार आधी कट होता असं मानायला वाजवी कारण दिसावं लागतं, आणि मेसेज त्या समान हेतूसंबंधी, हेतू मनात आल्यानंतरचा हवा. पैसे वाटून झाल्यावरच्या कबुल्या यात बसत नाहीत; ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने मिर्झा अकबर प्रकरणात 1940 मध्येच हे सांगितलं. वर मेसेजसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी त्याच कायद्याच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं ते वेगळंच. माझ्या पाहण्यात तक्रारी इथेच लंगड्या पडतात: अख्ख्या कमिटीची नावं घातलेली, पण कोणाचं कोणाशी काय ठरलं याची एक ओळ नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या टोपनदास प्रकरणानुसार (1955) बाकी सगळे कटातून सुटले, तर उरलेला एकटा त्या कटासाठी दोषी ठरत नाही.

फसवणुकीच्या 318(4) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे तिच्या कटाची दखल घ्यायला न्यायालयाला सरकारी पूर्वसंमतीची अडचण नाही. दोन वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत न पोचणाऱ्या गुन्ह्याचा कट असेल, तर मात्र राज्य सरकार किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या लेखी संमतीशिवाय न्यायालय दखल घेत नाही. वाशीकराला त्यासाठी ठाणे, खारघरकराला थेट अलिबाग.

दोन्ही कलमं एकत्र लावता येतात, आणि प्रकरणागणिक वकिलांचं मत वेगळं असू शकतं. तरी पैसे गेलेले असतील तर मी 318(4) किंवा विश्वासघाताचं 316, जोडीला 3(5), याकडे झुकेन. प्रत्येक नावापुढे कृती लिहावी: खोटं कोटेशन कोणी आणलं, न झालेल्या कामाचं बिल कोणी मंजूर केलं, चेकवर सह्या कोणाच्या, तारीख आणि रक्कम. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते नाव वगळावं. पैसे अजून खात्यातच असतील आणि प्रयत्नही सुरू झालेला नसेल, तर 3(5) ला धरायला कृत्यच नाही. तिथे 61, तेही ठरल्याचा मेसेज किंवा साक्षीदार हाती असेल तरच.